वस्तीचं मन आणि वस्तीचा आवाज

अंबरनाथ

चिरंजीव मुली,

तुझं पत्र मिळालं. मानसशास्त्राच्या एम.ए.ला लोकसहभाग हा विषय घेतलास आणि त्यासाठी क्यूबासारखा समाजवादी देश निवडलास, हे वाचून बरं वाटलं. शेवटी तू विचारलंस, 'मावशी, तिकडे मानसशास्त्रज्ञ वस्तीतल्या दवाखान्यात बसतो. आपल्या बदलापूरच्या माणसाला त्याच्यासाठी ठाणं नाहीतर दादर गाठावं लागतं. असं का?' सरकारी दवाखान्यात समाजसेविका म्हणून माझी सगळी नोकरी गेली, आणि हाच प्रश्न मला कायम छळत आला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्यूबाबद्दल तू वाचलंस ते खरं आहे. १९५९ च्या क्रांतीच्या वेळी तिथे सहा हजारांच्या आसपास डॉक्टर होते आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतले जवळपास निम्मे देश सोडून गेले. उरलेल्यांच्या जिवावर देश चालणार नव्हता, म्हणून माणसांनाच हाताशी धरावं लागलं. १९६१ साली शाळा बंद ठेवल्या, लाखभर विद्यार्थी कंदील घेऊन खेड्यापाड्यांत गेले, शेतकऱ्यांच्या घरी राहिले आणि वर्षभरात सुमारे सात लाख माणसं लिहाय-वाचायला शिकली. लगेच पुढच्या वर्षी गल्लोगल्लीच्या समित्यांनी घरोघरच्या मुलांना पोलिओच्या डोसासाठी बाहेर काढलं. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या वस्ती-दवाखान्यांत मानसशास्त्रज्ञ बसू लागले. १९८४ मध्ये तर सव्वाशेच्या आसपास कुटुंबांमागे एक डॉक्टर आणि एक नर्स अशी योजना आली, आणि डॉक्टरनं राहायचंही त्याच वस्तीत. ज्या बाईला रात्री झोप लागत नाही तिचा नवरा पितो, तिच्या सासूला मधुमेह आहे, मुलगा शाळा बुडवतो, हे सगळं ज्याला आधीच ठाऊक आहे अशा माणसासमोर ती बसणार! आमच्या ओपीडीत केसपेपर काढून आलेल्या बाईला तीन मिनिटं मिळायची. तेव्हा हे वर्णन वाचून माझ्या पोटात तुटायचं.

पण तुझ्या प्रकल्पात हवानाजवळचं मनोरुग्णालय येणार असेल, तर त्याची गोष्ट पूर्ण सांग. लोक त्याला मासोर्रा म्हणतात. क्रांतीआधी तिथे हजारो माणसं कोंबलेली असत, उपाशी आणि उघडी. क्रांतीच्या डोंगरातल्या लढ्यात सामील झालेले डॉ. बेर्नाबे ओर्दाज १९५९ मध्ये तिथे संचालक म्हणून आले आणि त्यांनी जागेचा कायापालट केला. बागा, कार्यशाळा, संगीत, खेळ आणि रुग्णांना काम आलं. जगभरचे लोक ते बघायला जात. आणि त्याच रुग्णालयात जानेवारी २०१० च्या थंडीत काही दिवसांच्या आत २६ रुग्ण दगावले. बातमी बाहेर फुटली ती सरकारबाहेरच्या मानवी हक्क कार्यकर्त्यांमुळे, मग सरकारनं ती मान्य केली, आणि पुढच्या वर्षी रुग्णालयाच्या प्रमुखांसह काही जणांना तुरुंगवास झाला. पांघरुणं आणि अन्न रुग्णांपर्यंत पोचत नाही, हे आत काम करणाऱ्या कितीतरी माणसांना दिसत असणार. त्यांनी ते कुणाला सांगायचं? गल्लीतली जी समिती डोस द्यायला बोलावत होती तीच शेजाऱ्यावर नजरही ठेवत होती. तिथे माणसाला मदतीला बोलावलं जातं, पण 'हे चुकतंय' असं मोठ्यानं म्हणायला जागा नसते.

माझं म्हणणं इथेच आहे, आणि बाकीचं पत्र त्याच्याभोवती फिरेल. सेवेत हात लावायला लोक हवेत, तसाच त्या सेवेचा हिशेब मागायलाही तेच लोक हवेत. क्यूबानं पहिली गोष्ट आपल्यापेक्षा फार चांगली केली. दुसरी केली नाही. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही १९७६ पासून 'समाजवादी' हा शब्द आहे, तो ठेवायला हरकत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये दिला. तेव्हा परदेशाकडे बघताना आपल्या पायाखालची जमीनही बघू.

उल्हासनगरपासून सुरुवात करते, कारण तुला ते फर्निचर आणि जीन्सपुरतंच माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या होत्या. फाळणीनंतर रिकाम्या बॅरेकांत सिंधमधून आलेली माणसं उतरवली. बघता बघता निर्वासितांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वसाहतीचं रीतसर नगर केलं. आजही तिथे पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतात. सरकारनं छप्पर दिलं, रेशन दिलं. बाकीचं लोकांनी स्वतः उभारलं. शिकारपूरच्या, लाडकाण्याच्या माणसांनी आपापल्या पंचायती पुन्हा बांधल्या, बॅरेकांतच दरबार आणि टिकाणे ही त्यांची प्रार्थनास्थळं सुरू झाली. बायकांनी पापड लाटून घर चालवलं. सिंध हैदराबादचं नॅशनल कॉलेज तिकडेच राहिलं, तेव्हा प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये मुंबईत ते नव्यानं उभं केलं, आणि त्यांच्याच बोर्डाचं चांदीबाई कॉलेज १९६५ मध्ये उल्हासनगरात आलं. आज बदलापूर-वांगणीची किती मुलं तिथे शिकतात ते तुला सांगायला नको.

या सगळ्यात मनाचं काय झालं? माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात सिंधी आज्या गुडघे दुखतात, छातीत धडधडतं म्हणून येत. औषध देऊन गुण येत नसे. थोडं बसवून घेतलं की हळूहळू घर निघायचं. कुलूप लावून आलेलं घर, शेजारणीकडे ठेवलेल्या चाव्या, वाटेत गेलेलं मूल. तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनी दुकान चालवलं, मुलं शिकवली, पुढे बघायचं ठरवलं. समाजानं त्यांना पोटाशी धरलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच समाजानं काही गोष्टी गिळायला लावल्या, हेही पाहिलं. घरात कुणाला वेड लागलंय हे बाहेर कळलं तर मुलींची लग्नं होणार नाहीत, ही भीती सिंधी घरात होती तशी आगरी, कुणबी, ब्राह्मण, बौद्ध सगळ्या घरांत होती. म्हणून 'समाज सांभाळतो' एवढ्यावर मी कधी समाधान मानलं नाही. समाजाला बाहेरून आलेला, शिकलेला, कुणाच्या नात्यात नसलेला एक कान लागतो. तू तो कान होणार आहेस.

आता बालशिक्षणासाठी पालघर जिल्ह्यातलं कोसबाड बघू. पालघर जिल्हा वेगळा केला तो २०१४ मध्ये, त्याआधी कोसबाड आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन गुरं राखणारं पोर शाळेत येईल कसं? मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या घेतल्या. मुलांना आधी आंघोळ, मग गाणी, मग अक्षरं. आई ओट्यावरून बघत असे, आणि बघता बघता तीही शिकत असे. अंगणवाडीचं मूळ ते. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा गावोगावच्या केंद्रांना तेच नाव मिळालं. क्यूबात नव्वदच्या दशकात आयांना घरी जाऊन बालसंगोपन शिकवण्याचा कार्यक्रम निघाला, त्याचं जगभर कौतुक झालं, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी एक मराठी बाई वारल्यांच्या अंगणात जाऊन बसली होती, हे तुझ्या प्रबंधात आलं नाही तर मला वाईट वाटेल.

आणि आजची अंगणवाडी सेविका? ती तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक घराला ओळखते. कुणाचं मूल बोलत नाही, कोणती बाळंतीण रडत बसते, कोणत्या घरात मारहाण चालते हे तिला ठाऊक असतं. क्यूबाच्या वस्तीतल्या डॉक्टरकडे जे ज्ञान आहे ते आपल्याकडे तिच्याकडे आहे. तिला आपण मानधन देतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, दीड महिन्याहून जास्त काळ. त्या आधीच, एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं म्हटलं होतं. त्यांच्या मागण्या वाचून बघ. लोकसहभागावरच्या कितीतरी पुस्तकांत हे सापडत नाही की सहभाग म्हणून जे मोजलं जातं ते पुष्कळदा गरीब बायकांचं कमी पैशातलं काम असतं. ज्या बाईला स्वतःच्या घरभाड्याची चिंता आहे तिच्यावर आपण आणखी एक प्रशिक्षण, आणखी एक रजिस्टर, आणखी एक मोबाइल ॲप टाकतो आणि म्हणतो, आता लोकांच्या मनाचंही बघ. हा अन्याय आहे. तू पुढे कोणत्याही संस्थेत गेलीस तरी पहिल्या बैठकीत विचार, हे काम करणाऱ्या बाईला काय मिळणार आहे?

आपल्याकडे माणसं धावत नाहीत असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. २७ जुलै २०१९ तुला आठवत असेल. उल्हास नदी फुगली आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. आत हजारावर माणसं, त्यांत गरोदर बायका. नौदल आणि एनडीआरएफ पोचायच्या आधी चामटोलीचे गावकरी पाण्यातून बिस्किटं आणि पाणी घेऊन गेले. बाहेर काढलेल्या प्रवाशांना मंगल कार्यालयात नेलं तेव्हा बदलापूरकर कपडे आणि जेवण घेऊन उभे होते. कुणी जात विचारली नाही, तिकीट विचारलं नाही. अशी धाव या पट्ट्यात पुन्हा पुन्हा दिसते. २०२१ मध्ये उल्हासनगरात इमारतींचे स्लॅब कोसळले तेव्हाही शेजारीच आधी ढिगाऱ्यात उतरले. पण पाणी ओसरतं, ढिगारा उचलला जातो, माणसं लोकल पकडून कामावर जातात. ज्यानं तासन्‌तास पाण्यात मरण बघितलं त्याला महिन्यानं झोप लागते का, हे कोण विचारतं?

मग ऑगस्ट २०२४. यावर लिहिताना हात जड होतो, पण तू बदलापूरची आहेस आणि ते टाळून मी पत्र पुरं करू शकत नाही. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला माणसं रुळांवर उतरली आणि जवळपास दहा तास गाड्या बंद राहिल्या. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी या शहरानं हिशेब मागितला, आणि मागायलाच हवा होता. क्यूबात जे तोंड उघडत नव्हतं ते इथे उघडलं. त्यानंतरच्या आठवड्यांत ओळखीच्या किती तरी आया माझ्याकडे येऊन विचारत होत्या, 'मुलीशी बोलायचं कसं? ती शाळेत जायला नको म्हणते. मुलाला काय सांगू?' रुळांवर उतरलेल्या गर्दीजवळ याचं उत्तर नव्हतं. संताप खरा होता. त्याच्यामागे रोजचं, चिवट, कंटाळवाणं काम उभं नव्हतं.

ते काम कागदावर होतं. राज्य सरकारनं मार्च २०२२ मध्येच शाळाशाळांत सखी सावित्री समिती नेमायला सांगितली होती, मुलींच्या सुरक्षिततेसाठी, पालकांना आणि मुलांना घेऊन. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं ठरवलं. मानसिक आरोग्यासाठी २०१७ चा कायदा आहे, २०१८ पासून लागू. त्यात सरकारी खर्चातून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. रुग्णाच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळावर न्यायाधीश आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या शेजारी स्वतः आजार भोगलेली माणसं, त्यांची काळजी घेणारे किंवा संस्थांचे कार्यकर्ते बसतील अशी तरतूद आहे. मी नोकरीला लागले तेव्हा हे स्वप्नातही नव्हतं. रुग्णाच्या नातेवाइकाला आम्ही बाकावर बसवत होतो, मंडळावर नव्हे.

नातेवाइकांना सोबत घेणाऱ्या डॉ. विद्यासागर यांचं नाव तुझ्या अभ्यासक्रमात असेल तर उत्तम, नसेल तर शोध. पन्नासच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू टाकून राहायला बोलावलं. आई, बायको, भाऊ आजार जवळून बघत, डॉक्टर त्यांच्याशी रोज बोलत, माणूस लवकर घरी जाई आणि घरी गेल्यावर त्याला पुन्हा टाकून दिलं जात नसे. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं तेव्हा व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांनाच नव्याच्या शेजारी बसवलं आणि त्यांच्या बायकांनाही सोबत घेतलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था १९९० पासून स्वयंसेवकांच्या बळावर काम करते आहे. ठाणं आपल्यापासून तासाभरावर आहे, पण रोजंदारीवरच्या माणसासाठी तो तास म्हणजे दिवसाची मजुरी.

म्हणून मला नाशिक जिल्ह्यातलं पेठ जास्त जवळचं वाटतं. २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या एका केंद्रानं तिथल्या आदिवासी गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प केला. गावातल्याच बाया-बापड्यांना शिकवलं: कुणी खचलंय हे कसं ओळखायचं, चारसहा वेळा भेटून कसं ऐकायचं, कधी डॉक्टरकडे पाठवायचं. मोबाइलवर छोट्या चित्रफिती दाखवून बायकांना बोलतं केलं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. हे स्वयंसेवक विधवा पेन्शन आणि इतर सरकारी योजनांचे अर्जही भरायला मदत करत. मन आणि रेशन कार्ड त्यांनी वेगळं केलं नाही. नवरा गेलेल्या बाईला नुसतं 'मन मोकळं कर' म्हणून भागत नाही, तिची पेन्शन तलाठ्याच्या टेबलावर अडकलेली असते. पुढे हेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत गेलं. सरकारनं अंगावर घेतलं तर ते बुवापाड्यात का होणार नाही, खरवईत का होणार नाही, कॅम्प चारमध्ये का होणार नाही? निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या देशव्यापी पाहणीत मानसिक आजार असलेल्या दहांतल्या सात ते नऊ जणांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. तेवढे मानसोपचारतज्ज्ञ आपल्याला आज-उद्या मिळणार नाहीत. अंगणवाड्या, बचत गट, भजनी मंडळं, आशाताई, शाळेच्या समित्या मात्र आजच्या आज गल्लीत आहेत.

तुझा प्रश्न होता, आपल्याकडे का नाही? कारण क्यूबानं डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ वस्तीत बसवायला पैसा आणि पगार दिला, आणि आपण तो दिला नाही. सरकारी तिजोरीतून पगारी माणूस वस्तीत बसल्याशिवाय लोकसहभागाच्या गप्पा पोकळ आहेत, हे मी तुला ठासून सांगते. आणि तो बसल्यावर त्याच्या कामाची चौकशी करणारी वस्तीही जागी हवी, नाहीतर मासोर्राची थंडी कुठेही पडू शकते.

तुझ्या प्रकल्पासाठी एवढं कर. बदलापुरातली एक अंगणवाडी निवड आणि महिनाभर सकाळी सेविकेबरोबर बस, लिहून घ्यायची घाई न करता. तिचं रजिस्टर भरायला मदत कर, मग ती बोलेल. जवळच्या दोन-तीन शाळांत जाऊन सखी सावित्री समितीच्या बैठकीचं इतिवृत्त माग. ते मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाक, फी दहा रुपये आहे. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, औषध किती दिवसांचं देतात आणि वांगणीहून येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस जातो की पूर्ण, हे बाकावर बसलेल्यांनाच विचार. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्या बाकावरच्या किती जणांना माहीत आहे तेही बघ. जे सापडेल त्याची एक प्रत तुझ्या प्राध्यापकांना दे आणि दुसरी नगरपरिषदेत आवक-जावकच्या टेबलावर, पोच घेऊन. अर्जाचा मसुदा मला आधी पाठव, मी तपासून देते.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी